देणं फिटेपर्यंत उभा राहणारा राजा

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच. हे कुणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागून घेते. माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं तरी मी आधी माफीच मागते.

आमच्या लालबागच्या चाळीतल्या मंडळानं यंदा गणपतीला देखावा केला तो एका खोट्या जगाचा. पोरांनीच रचलेलं जग. समुद्रात बेटं, प्रत्येक बेटावर वेगळे लोक आणि प्रत्येक बेटाचा एक सद्गुण. एका बेटावर खोटं बोललं की जीभ निळी पडते. दुसऱ्यावर पाहुण्याला दारात थांबवणं म्हणजे पाप. आणखी एका बेटावर कुणाचं देणं बाकी असेल तोवर राजा सिंहासनावर बसत नाही. म्हणून तिथे राजा उभा आणि शेजारी सिंहासन रिकामं.

या पुतळ्यांचे कपडे मी शिवले. मी घरी ब्लाउज, फॉल-पिको करते. अध्यक्ष दारात येऊन म्हणाला, "काकी, कापड तुम्हीच आणा. वर्गणी जमली की पहिले तुमचे पैसे. टेन्शन नाय." तो उभा राजा त्याच्याच डोक्यातून निघालेला. मला नाही म्हणता येत नाही. लेकीचं नुकतं लग्न झालेलं, सासर कोकणात. यंदा गौरीला तिचा पहिला ओवसा, म्हणजे नव्या नवरीनं माहेरच्या भरल्या सुपांनी गौरीला ओवाळायचं. सुपं, साडी आणि एसटीचं भाडं म्हणून बाजूला ठेवलेले पैसे मी दादरला मखमलीत घातले.

वर्गणी जमली. ती लायटिंगवाल्याला गेली, मग डीजेवाल्याला, मग अध्यक्षाच्या फोटोच्या बॅनरला. खजिनदाराला जिन्यात गाठलं तर म्हणाला, "उद्या नक्की, काकी." खरं बोलणाऱ्या बेटाची माहिती स्पीकरवर त्याच्याच आवाजात होती. मी दिवसभर खोलीत बसून ती ऐकायची. पाहुण्यांच्या बेटासमोर बांबू बांधून दोन रांगा केलेल्या. गाडीतून येणारे सरळ आत, कडेवर पोरं घेतलेल्या बाया उन्हात. मंडळातल्या एकालाही त्यात काही खटकलं नाही. सद्गुण पुठ्ठ्याचे होते, रंग दिला की यांचं काम झालं.

लेकीचा फोन आला. "आये, येतलंस मा? सासूबाय इचारतत." मी म्हटलं, बघते.

गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणा बड्या पाहुण्याचा सत्कार होता. खुर्च्या कमी पडल्या. मी खाली उतरले तर अध्यक्ष त्या रिकाम्या सिंहासनावर बसलेला, शाल पांघरून, पाय हलवत. शेजारी राजा उभा. वर गेले, कात्री आणली आणि राजाच्या झग्याची शिवण उसवायला लागले.

"काकी, काय करताय? लोकं बघतायत!"

"माझं कापड आहे," एवढंच बोलता आलं. हात थांबवला नाही. बाही सुटली, आतला पेंढा दिसला.

रांगेतली एक बाई ओरडली, "अगो बाय, राजाक उघडो करता ही!" सगळी रांग हसली. पाहुण्यानं विचारलं, "काय भानगड आहे ही?" तेव्हा अध्यक्ष ताडकन उठला. खजिनदारानं देवापुढची दानपेटी उघडली आणि नोटा माझ्या हातात कोंबल्या. लाज वाटली म्हणून नाही, घाई झाली म्हणून. नोटांना हळदकुंकू लागलेलं. मी देवाची माफी मागितली, त्यांची नाही.

"राहिलेले विसर्जनानंतर देतो, काकी," अध्यक्ष हळूच म्हणाला.

मी दुसऱ्या बाहीला कात्री लावली. तेवढ्यात राहिलेले त्याच्या स्वतःच्या खिशातून निघाले. बाही मी तशीच लोंबती ठेवली. सुपं घेऊन संध्याकाळची एसटी गाठायची होती.

पैसे पूर्ण मिळाले. देईपर्यंत अध्यक्ष उभाच होता.