दीड इंचाचा नट, बारा आटे

नट तीन-चार आटे चढला आणि अडकला. सुभाष मेकॅनिकने पान्याला लांब पाइप अडकवला, अंगाचा भार टाकला, तरी नट पुढे सरेना. तेव्हा त्याने रेवदंड्याच्या जेटीवरून मला फोन केला.

"मास्तर, नट नवाकोरा बनवून आणलाय. शाफ्टच खराब दिसतोय."

"आधी तो पाइप काढ. आणि जुना नट घेऊन चौलला ये."

चौलला माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. त्याआधी बरीच वर्षं मी एका कंपनीच्या टूलरूममध्ये होतो. माप घेतल्याशिवाय कशालाही दोष द्यायचा नाही, ही तिथली सवय.

सुभाषबरोबर बोटीचे मालक हिरामण नाखवाही आले. मासेमारीची बंदी नुकतीच उठली होती. हा नट गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचं कपलिंग, म्हणजे दोन शाफ्टांचा सांधा, जागेवर धरतो आणि कपलिंगच्या पलीकडे बोट ढकलणारा पंखा. नट नाही, तर बोट नाही.

"परवाच्या भरतीला निघालो न्हाय, तर खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर चढतील," नाखवा म्हणाले. "मंग सगला सीझन मी जेटीवर बसून पापलेट मोजतो. लोकांचं."

जुना नट एका बाजूने चिरला होता, पण आतले आटे शाबूत होते. मी पिच गेज काढला. पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. गेजमध्ये दातांच्या पातळ पट्ट्या असतात. जी पट्टी आट्यांत अशी बसते की मधून उजेड दिसत नाही, ते आपलं माप. दोन मिलिमीटरची पट्टी सुरुवातीला बसली आणि पुढे उचलली गेली. मग इंचाची बारा नंबरची लावली. उजेड बंद.

व्यास दीड इंच, एका इंचात बारा आटे. याला फाइन थ्रेड म्हणतात. एरवी एवढ्या जाडीला इंचात सहाच आटे असतात. आटे बारीक असले की नट हादऱ्यांनी लवकर ढिला होत नाही. इंजिन जुनं, परदेशी, इंचाच्या जमान्यातलं.

सुभाषने बनवून घेतलेला नट अडतीस मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर पिचचा होता. व्यास जवळपास तोच. पिचमध्ये फरक मिलिमीटरच्या नवव्या भागाएवढा. पण तो प्रत्येक आट्याला वाढत जातो. चौथ्या आट्याला भिंत उभी राहते.

"म्हणजे शाफ्ट बरोबर होता?" सुभाषने विचारलं.

"पाइप लावेपर्यंत."

आता अडचण माझी होती. माझं लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, मिलिमीटरचं. त्यावर इंचाचे आटे पाडायला एकशे सत्तावीस दातांचं गिअर लावावं लागतं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. पाच इंच केले की बरोबर १२७ होतात, दशांशाचं शेपूट राहत नाही. आणि १२७ ला कोणत्याच लहान आकड्याने भाग जात नाही, म्हणून लहान गिअरवर हा हिशेब तंतोतंत जमत नाही. दोन मोजमापं, दोन वेगळ्या मुलखांची, आणि त्यांची गाठ पडते ती या एका चाकावर. ते चाक मशीनवर चढवताना मला आजही देव्हाऱ्यातलं काही हातात घेतल्यासारखं वाटतं.

एक पथ्य असतं. हत्यार पुढे नेणाऱ्या स्क्रूला पकडून ठेवतो तो हाफनट. नेहमीच्या कामात आमचा टर्नर दिलीप प्रत्येक कापानंतर तो उघडतो आणि हत्यार हाताने मागे आणतो. मिलिमीटरच्या लेथवर इंचाचे आटे पाडताना हाफनट उघडला की हत्याराची जागा हरवते. मोटर उलटी फिरवूनच मागे यायचं.

"दिलीप, हाफनट उघडायचा नाही."

"माहितीये, दादा."

"तुला माहितीये. तुझ्या हाताला माहीत नाही."

नाखव्यांनी खिशातून जाळ्याचा नायलॉनचा दोरा काढला. "हात बांधू का दांडा?"

"दांडा."

त्यांनी हाफनटचा दांडा बंद ठेवून करकचून बांधला. "आमच्या जाल्याची गाठ हाय. तुमच्यान सुटाची न्हाय."

जुना नट गेज म्हणून वापरला. आधी एक बोल्ट कापला, तो जुन्या नटात अलगद फिरेपर्यंत. मग त्या बोल्टवर बसेल असा नवा नट. दिलीप हत्यार आत नेई, मोटर उलटी फिरवी, पुन्हा आत नेई. दोनदा त्याचा हात दांड्याकडे गेला आणि दोऱ्याला लागून परतला. हत्यार मात्र प्रत्येक वेळी त्याच खाचेत उतरत होतं. टूलरूममध्ये हे मी आयुष्यभर पाहिलंय. तरी माझी नजर हटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेटीवर सुभाषने शाफ्टचे चेपलेले आटे कानशीने हळूहळू साफ केले. पान्याला हात न लावता नाखव्यांनी नट चढवला. एक आटा, दोन, तीन. चौथ्याला ते थांबले.

"फिरवा," मी म्हणालो.

नट दोन बोटांनी फिरत गेला, पार कपलिंगला टेकेपर्यंत. नाखवा स्वतःच्या त्या दोन बोटांकडे बघत राहिले. कुठल्या देशात, कुणी, कधी पाडलेले ते आटे. त्या माणसाने चौल कधी ऐकलंही नसेल. आमच्यात फक्त दोन आकडे सारखे होते, दीड आणि बारा. त्यावर लोखंड लोखंडात असं शिरलं.

ठरल्या भरतीला बोट गेली, सगळ्या खलाशांसह.

तेव्हापासून सुभाष नट अडला की आधी फोन करतो. मी एकच सांगतो. नट हाताने चढत नसेल, तर हात कमी पडत नाही, माप चुकलेलं असतं. पिच गेज कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्या इंजिनाचा शाफ्ट मिळत नाही.