हॅवचा पंचनामा

इंग्रजी भाषेवर आजवर पुष्कळांनी उपकार केले असतील, पण तिच्यातल्या एका क्रियापदाची जागेवर जाऊन पाहणी करणारा माणूस फक्त आमच्या जव्हारमध्येच झाला. ते निवृत्त तलाठी. सगळा तालुका त्यांना भाऊसाहेब म्हणतो, मीही म्हणतो. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. भाऊसाहेबांनी ओसरीवर इंग्रजीचा मोफत वर्ग काढला आणि बाहेर पाटी लावली : ‘येथे फक्त हॅव शिकवले जाईल.’ बाकीच्या क्रियापदांनी काय घोडं मारलंय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “नोकरीभर मी एवढंच लिहिलं, ग्रंथपाल. कोणाकडे काय आहे. ज्यातलं कळत नाही ते मी शिकवत नाही.” मी वाचनालयात होतो. ज्यातलं कळत नाही त्यावर जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्यांची कपाटं मी तीस वर्षं झाडली आहेत. त्यामुळे मला ते पटलं.

गोंधळ पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. मेन रोडवरच्या कापडवाल्याने गाइडमधून उतरवून ‘आय हॅव अ कार’ असं वाक्य लिहून आणलं. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला, छत्री घेतली आणि गाडी बघायला त्याच्या घरी गेले. गाडी निघाली मेहुण्याची. वहीत लाल शेरा पडला : ‘व्याकरण बरोबर, वाक्य चूक.’ साखरशेतच्या एका शेतकऱ्याने आपल्याकडे चार शेळ्या असल्याचं इंग्रजीत कळवलं. भाऊसाहेब जीपने साखरशेतला गेले, तर शेळ्या पाच भरल्या. पाचवी बहिणीची, चरायला आणलेली, असं तो शपथेवर सांगू लागला. तेव्हा बहिणीचा जबाब घेऊन, दोन पंचांच्या सह्या घेऊन मगच वाक्य बरोबर ठरलं. एकाने ‘आय हॅव अ हेडेक’, म्हणजे माझं डोकं दुखतं, असं लिहिलं, त्याच्यासमोर भाऊसाहेब तासभर डोळ्यांत डोळे घालून बसले. तासाभराने त्याचं डोकं खरोखरच दुखायला लागलं. आपण इंग्रजी शिकतोय की आपली जमीन मोजली जातेय, हे वर्गातल्या कोणालाच नीट कळत नव्हतं, आणि मलाही सांगता येत नव्हतं.

मी एकदा चेष्टेने त्यांच्या वहीत वाक्य लिहिलं, ‘आय हॅव वन फ्रेंड.’ म्हटलं, करा याची पाहणी. त्यांनी ते दोनदा वाचलं, वही मिटली आणि पुढे त्याचा निकाल काही दिला नाही.

वर्गात सूर्यमाळच्या एका पाड्यावरची कमल यायची. दोन जीपा बदलून यायची. दिवाळी झाली की ती आणि तिचा नवरा वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. त्या वर्षी जव्हारच्या बाहेर, घाटातल्या रस्त्यावर एक नवं हॉटेल होत होतं. तिथे काउंटरवर बाई हवी होती आणि मुलाखतीत पाच वाक्यं इंग्रजीत बोलायची होती. काम मिळालं तर भट्टी टळणार होती. बाजारातल्या एका इंग्रजी क्लासवाल्याने तिला छापील वाक्यं दिली होती : माझ्याकडे उत्तम संभाषणकौशल्य आहे, माझ्याकडे नेतृत्वगुण आहेत. भाऊसाहेबांनी विचारलं, पुरावा? आणि सगळी खोडली. मग तिची स्वतःची पाच वाक्यं तयार झाली. त्यातलं एक तीन कोंबड्यांचं होतं. मुलाखतीच्या आदल्या दिवशी एक कोंबडी मुंगसाने नेली, म्हणून तेही दुरुस्त झालं.

मुलाखतीहून ती थेट ओसरीवर आली. काम मिळालं होतं, पण चेहरा उतरलेला. कोंबड्यांबद्दल कोणी विचारलंच नव्हतं.

“अनुभव हाय का इचारला, भाऊसाहेब. समद्या पोरींनी दोन वर्सांचा सांगितला. मंग मी पण बोलून टाकला. आय हॅव टू इयर्स एक्स्पीरियन्स.” वही पुढे करत तिने विचारलं, “आता परत जाऊन खरा सांगू का?”

पाचव्या शेळीसाठी जबाब घेणारा हा माणूस आता काय करणार, या विचाराने मी खांबाला टेकलो. भाऊसाहेबांनी लाल पेन उचललं, खाली ठेवलं आणि पेन्सिल शोधली.

“पाहणी केल्याशिवाय मी चूक लिहीत नाही,” ते म्हणाले. “तू कामाला जा.”

वहीत त्यांनी लिहिलं : ‘प्रलंबित. दोन वर्षांनी स्थळपाहणी.’ हा नियम त्यांच्याकडे आधी होता की तेव्हाच झाला, ते मला अजून समजलेलं नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी ते छत्री आणि वही घेऊन माझ्या दारात उभे. मधल्या काळात वर्ग बंद पडला होता, गुडघे गेले होते. जीपच्या पायरीवर त्यांना मी खालून आधार दिला. हॉटेलात कमल काउंटरमागे उभी राहून फोनवर दाभोशाचा धबधबा बघायला येणाऱ्या पर्यटकांना खोल्यांचे दर सांगत होती, तेही इंग्रजीत. भाऊसाहेबांनी खुर्ची नाकारली. चतुःसीमा लिहिली : पूर्वेस खोल्यांच्या किल्ल्या टांगलेली फळी, पश्चिमेस कुंडी, उत्तरेस भिंत, दक्षिणेस दार. ‘वरील बाई कामावर हजर आढळल्या.’ मी सही केली. दुसरा पंच म्हणून आचाऱ्याला बोलावलं. त्याने कणकेच्या हातानेच सही केली आणि कशावर केली ते विचारलंही नाही.

“दोन वर्सां नाय, भाऊसाहेब,” कमल म्हणाली. “वर चार दिस झालं.”

त्यांनी चार दिवस वाढवले, पेन्सिलचा शेरा खोडरबराने पुसला आणि शाईने ‘बरोबर’ लिहिलं. कमल हसत होती. मग काहीतरी शोधायला काउंटरखाली वाकली, ती बराच वेळ वर आली नाही.

परतताना जीपमध्ये मला माझी जुनी चेष्टा आठवली. म्हटलं, “भाऊसाहेब, माझ्या वाक्याचा निकाल राहिला.”

“तो मला देता येत नाही.”

“का?”

त्यांनी छत्री गुडघ्यांमध्ये नीट उभी केली.

“त्या प्रकरणात मी हितसंबंधी आहे,” ते म्हणाले, आणि पुढचा सगळा घाट खिडकीबाहेर बघत बसले.