नानांच्या हातातला कोट

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण आता आत मावत नाही.

लंडनच्या ईलिंग भागात नानांचं फ्रेमिंगचं दुकान आहे. मी नववीत शाळा सोडलेला, कसलंच सर्टिफिकेट नाही. तरी नानांनी ठेवून घेतलं, दुकानावरची खोली दिली, काम शिकवलं. कोण करतं एवढं?

आमच्याकडे जुनी चित्रं येतात — तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, इथल्या उमरावांची. नाना म्हणायचे, "अरे, चेहरा शेवटी बघ. आधी मागचा पडदा बघ, खांब बघ, खाली घराण्याचं चिन्ह बघ. कोण बसलंय, कोण उभं आहे, ते बघ. माणूस केवढा, ते तिथे कळतं."

शिकलो मी. नको तेवढं शिकलो.

एका रविवारी दुकान बंद असताना मी मागे मखमलीचं कापड टांगलं, कॅमेरा टायमरवर लावला, नक्षीच्या खुर्चीत बसलो. नजर कॅमेऱ्याकडे नाही — जरा वर, तिरकी. "नाना, मागे उभे राहता? आणि हा माझा कोट धरा ना जरा."

"काय सरदार!" म्हणाले, हसले, आणि कोट धरून उभे राहिले. त्या फोटोला सोनेरी फ्रेमही त्यांनीच करून दिली.

तो फोटो मी कराडजवळच्या आमच्या गावी पाठवला. आईनं फोनवर विचारलं, "मागं कोण रं?" मी म्हणालो — काय म्हणालो असेन? "माझ्याकडे कामाला आहेत."

पुढे नाना पुण्याला गेले, तेव्हा मला न सांगता वाट वाकडी करून गावी गेले. आईसाठी स्वेटर घेऊन. रात्री आईचा फोन आला. "तुझा त्यो माणूस आलता. फोटोतला, लगेच वळखला. पायरीवर बसवून च्या दिला. जाताना म्हटलं, पोतं तेवढं आत ठेव. ठेवलं बिचाऱ्यानं."

नाना परत आले. चटणीची पुडी टेबलावर ठेवली. "तुझ्या आईनं दिलीय. म्हणाल्या, मालकांना नीट पोचव." आणि काच कापायला लागले.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना मी? निदान आईशी?

आई अजून फोनवर विचारते, "तुझा त्यो माणूस बरा हाय का?" नाना शेजारीच उभे असतात, काच कापत. फोन स्पीकरवर असतो.

मी म्हणतो, "बरा आहे."