चौतीस बशा

बुर्गी श्टाइनवेंडर तिरसट, असं ग्राट्‌सच्या रसायन संस्थेत सगळेच म्हणत. नऊ वर्षं एकाच फडताळापुढे उभं राहून दाखवा, मग बोला म्हणावं.

फडताळावर काचेच्या चौतीस बशा एका ओळीत. आत दोन धातूंचे क्षार, एक हिरवा, एक जांभळा. पण एकमेकांत असे मुरलेले की दिसायचे नुसते मळकट राखाडी. रोज सकाळी बुर्गी एकेका बशीतलं वरचं पाणी उजवीकडच्या बशीतल्या खड्यांवर ओतायची, तिच्यात उरलेल्या खड्यांवर डावीकडच्या बशीतलं पाणी घ्यायची, तापवायची आणि सावकाश निवू द्यायची. तळाच्या खड्यांत हिरवं किंचित जास्त राही, पाण्यातून जांभळं किंचित पुढे सरके. एका फेरीत फरक केसाएवढा. मग पुन्हा पहिल्यापासून.

बशांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा तिचा नियम. एकोणीसशे चव्वेचाळीस साली एका हौशी मदतनिसानं झाडलोट करताना दोन बशांची अदलाबदल केली होती. ते निस्तरायला तिला चौदा महिने लागले. तेव्हापासून ग्राट्‌सवर बॉम्ब पडायला लागले तरी आधी बशा तळघरात जात, ओळीनं, आणि मग बुर्गी.

रेल्वेत नोकरीला असलेला आलोइस, तिच्याशी लग्न करू पाहणारा, तिला आपल्या घरी लिंट्‌सला न्यायला आला होता. "दोन दिवस रजा तरी काढ गं, आईला भेटून येऊ," तो म्हणाला. दोन दिवसांत बशा सुकतात, असं तिनं सांगितलं. "मग बशांशीच लग्न लाव," म्हणून तो गेला तो गेलाच. तिला वाईट वाटलं नाही असं नाही. पण प्रोफेसर आखलाइटनरनी शब्द दिला होता: "फ्राउलाइन बुर्गी, दोन्ही टोकं शुद्ध निघाली की शोधनिबंधावर दोन नावं. माझं आणि तुमचं." त्या एका वाक्यावर ती जगत होती.

एक्कावन्नच्या वसंतात डावीकडच्या चौदा बशा कोवळ्या पाल्यासारख्या हिरव्या झाल्या, उजवीकडच्या पंधरा स्वच्छ जांभळ्या. मधल्या पाच तेवढ्या राखाडी उरल्या. आणखी एखादं वर्ष.

त्याच सुमारास संस्थेतलाच संशोधक डॉक्टर कोगलर अमेरिकेहून परतला, सोबत काचेची उंच नळी आणि पिवळट मण्यांची पिशवी घेऊन. नळीत वरून मिश्रण सोडायचं, खाली धातू आपोआप वेगवेगळे उतरतात. काम पंधरा दिवसांचं. फक्त प्रयोगाला दोन किलो मिश्रण हवं होतं, आणि तेव्हा ते कुठंच मिळत नव्हतं.

"आपल्याकडे आहे की," प्रोफेसर म्हणाले आणि फडताळाकडे बघू लागले.

"ते मिसळलेलं नाहीय, प्रोफेसरसाहेब," बुर्गी म्हणाली.

"मिसळता येईल ना."

"नऊ वर्षं झाली मला."

"म्हणून तर तुम्हालाच सांगतोय. शास्त्र कुणासाठी थांबत नाही हो. हवं तर कोगलर ओतेल."

"हात लावू नका," ती म्हणाली. "मी ओतते."

तिनं मातीचं मोठं भांडं आणलं. पहिली बशी, दुसरी, तिसरी, ओळ न चुकवता. हिरव्यावर जांभळं पडू लागलं तसा भांड्यातला रंग मेला. पाव तासही लागला नाही. मग तिनं लाकडी पळीनं ते सगळं नीट ढवळलं, कारण अर्धवट काम तिला कधी जमलंच नाही. बशा घासताना मात्र ती रडली, आणि नळ मोठा सोडला.

निबंध डिसेंबरात आला. वर नावं दोन होती: आखलाइटनर आणि कोगलर. शेवटी आभारांत काच फुंकून नळ्या घडवणाऱ्या कारागिराचंसुद्धा नाव होतं. बुर्गीनं बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. तिच्या वाट्याची ओळ दुसऱ्या पानावर सापडली: "कच्चा माल म्हणून संस्थेत पडून असलेलं, कोणतीही प्रक्रिया न केलेलं मिश्रण वापरलं."

"कसा वाटला निबंध?" कोगलरनं दारातून विचारलं.

"छान. मिश्रण तेवढं पडून नव्हतं हो, डॉक्टरसाहेब. ते मी स्वतः केलं होतं. चांगलं ढवळून."

कोगलर मोठ्यानं हसला. आपली बुर्गी कधी नव्हे ती विनोद करायला लागली, असं तो दिवसभर सगळ्यांना सांगत होता.