मिस्त्री प्यायलेले नव्हते

वाजवायला बसण्याआधी मिस्त्री क्लॅरिनेटची पत्ती ओठांत धरायचे. बोरूची ती पातळ कपची भिजल्याशिवाय सूर नीट लागत नाही. तेवढ्या वेळात कोणी काही विचारलं तर उत्तर भुवयांनी मिळायचं. एक भुवई वर गेली की 'व्हय'. दोन्ही गेल्या की 'काय सांगताय'. 'न्हाय' म्हणायचं असलं तर मात्र ते पत्ती तोंडातून काढायचे, धोतराच्या सोग्याला पुसावी तशी शर्टाला पुसायचे आणि मग म्हणायचे, "न्हाय." नकार द्यायचा तर तोंड मोकळं असावं, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

त्यांच्या तोंडाची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतो आहे. कारण आमच्या भागात त्याबद्दल वेगळीच गोष्ट सांगतात. भवानीनगरला, कळंबला, इंदापूरच्या बाजारात कुठंही 'क्लॅरिनेटवाले मिस्त्री' म्हणा, समोरच्याचा अंगठा आपोआप ओठांकडे जातो आणि तो हसतो. लग्नात एखाद्याची पावलं वाकडी पडायला लागली की अजूनही म्हणतात, "ह्याचा मिस्त्री झाला रं."

मिस्त्री आयुष्यात कधी प्यायले नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही. ते प्यायलेले असतात, ही अफवा ज्या माणसानं सुरू केली तो मी आहे. आता माझं वय झालं आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, आणि लोकांच्या त्या हसण्याचा मला इतका राग येतो की गोळ्यांचा उपयोग होत नाही.

ते मूळचे कळसचे. रस्त्याला लागून मोटार रिवाइंडिंगचं दुकान. आमच्याकडे प्रत्येकाच्या विहिरीवर नाहीतर कालव्याच्या कडेला पंप, आणि वीज कधी कमी दाबानं येईल याचा नेम नाही. त्यामुळे जळक्या मोटारी रोज येऊन पडायच्या. उसाला पाणी चालू असताना मोटार जळली की माणूस भांडायच्या तयारीनंच येतो. एकदा दोन सख्खे भाऊ दुकानात आले, दोघांची मोटार एकच, आणि ती कुणी जाळली यावरून एकमेकांच्या अंगावर जायला लागले. मिस्त्री तांब्याची तार बाजूला ठेवून शांतपणे बघत बसले. "होऊ द्या तुमचं पुरं," म्हणाले, "मग खोलतो. मधीच खोलली तर दोगंबी मलाच धरशीला." भाऊ हसले. भांडण तिथंच संपलं.

'होऊ द्या पुरं' हे त्यांचं पालुपद. चहा, भांडण, मोटारीचं वेटोळं, गाणं, सगळ्याला एकच न्याय.

आमचा वाद्यवृंद हौशी होता. मी बारामतीच्या एका शाळेत शिक्षक. सुट्टीच्या दिवशी कॅसिओ वाजवायचो आणि माइकवर निवेदन करायचो. गाणारी बाई इंदापूरच्या दवाखान्यात नर्स, तिला आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो. ढोलकीवाला दूध संकलन केंद्रातला. आणि मिस्त्री. पिकअपमध्ये सामान टाकायचं आणि लग्न, बारसं, कुणाचा वाढदिवस, असेल तिथं जायचं. मानधनापेक्षा जेवणावर जास्त चर्चा व्हायची. मिस्त्री रोज्यात असले तर दिवसभर वाजवून सूर्य बुडायची वाट बघत बसायचे, आणि आमच्या ताटातल्या जिलबीकडे बघून एक भुवई वर करायचे.

ते वाजवायचे कसे? फार मोठे कलाकार होते असं म्हणणार नाही. वरच्या पट्टीत कधीकधी चिरकायचे. पण अंतरा अर्धा सोडायचे नाहीत. एका वरातीत पोरांना नाचायचं होतं आणि मिस्त्रींनी संथ चाल धरली होती. पोरं रुमाल हवेत धरून उभी. एकजण ओरडला, "ओ मिस्त्री, मयताला आलोय का?" मिस्त्रींनी अंतरा संपवला, समेवर आले, पत्ती पुसली आणि म्हणाले, "झालं पुरं. आता नाच, तुझं गुडघं निखळस्तोवर वाजीवतो." आणि वाजवलं. त्या पोरालाच शेवटी बसावं लागलं.

आता कळंबचं लग्न.

आमच्या भागातल्या लग्नांना तुम्हीही गेला असाल. मुहूर्त पत्रिकेत छापलेला असतो आणि तिथंच राहतो. मांडवात बायका लेकरांना वारा घालत बसलेल्या, नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घामाघूम, आणि माइकवर नावं चालू. अमुक संस्थेचे संचालक, तमुक गावचे माजी सरपंच, फेटा, शाल, नारळ, टाळ्या. हे लग्न असतं की हजेरीपट, असं मला वाटायचं. वाटायचं, आणि ती हजेरी माइकवरून घ्यायचो मीच.

त्या दिवशी नवरीच्या आजोबांनी एक चाल मागितली. जुनी, त्यांच्या तरुणपणची. ऐकू कमी यायचं म्हणून त्यांची खुर्ची पार स्टेजला चिकटून ठेवली होती. मिस्त्रींनी डोळे मिटून ती चाल सुरू केली, म्हातारा मांडीवर ताल धरून बसला. मिस्त्री दुसऱ्या अंतऱ्यात शिरले आणि मांडवाच्या तोंडाशी धावपळ उडाली. अण्णा आले होते. अण्णा म्हणजे तालुक्यातले एक पुढारी. नाव लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही, हे पुढं कळेलच. माझी शाळा ज्या संस्थेची, तिच्या कार्यकारिणीवर अण्णा होते.

मी मिस्त्रींना हात केला. डोळे मिटलेले, दिसणार कसा? ढोलकी थांबली, सिस्टर थांबली, मी कॅसिओवरून हात काढला. क्लॅरिनेट चालूच. मिक्सर माझ्याच हाताशी होता. मी त्यांच्या माइकचा आवाज पार बंद केला.

पण क्लॅरिनेटला माइक लागत नाही. सगळा मांडव गप्प झालेला, आणि त्यात तो एकटा, बारीक, उघडा सूर चालत राहिला. अण्णा दारात उभे. त्यांच्या मागे पंधरावीस पांढरे शर्ट उभे. अंतरा पुरा झाला, मिस्त्री समेवर आले, त्यांनी डोळे उघडले. आजोबांनी एकट्यानं टाळ्या वाजवल्या.

अण्णा पुढं आले, हार घेतला, बसले. इतकंच. चिडले नाहीत, काही बोलले नाहीत. बोलला तो त्यांच्या मागचा एक कडक इस्त्रीवाला. स्टेजच्या कडेला येऊन मला म्हणाला, "सर, तुमचा हा वाजवणारा घेऊन आलाय का? अण्णा दारात उभं हायत आन ह्याचं चालूच?"

मी म्हणालो, "हो, जरा झालीय. मी बघतो त्याच्याकडं."

कुणी माझा गळा धरला नव्हता. 'त्यांचे डोळे मिटलेले होते' हे खरं होतं, सोपं होतं आणि पुरेसं होतं. पण माझ्या डोक्यात माझी बदली, माझी नोकरी असलं काहीतरी फिरत होतं, आणि तोंडातून निघालं ते हे. वर मी त्यांना 'त्याच्याकडं' म्हणालो. एरवी मी मिस्त्रींना कधी अरेतुरे केलं नव्हतं.

पुढचं काम त्या माणसानं केलं. जेवणाच्या पंगती उठायच्या आत गोष्ट सगळीकडे पोचली. परतताना पिकअपमध्ये ढोलकीवाल्यानं दबकत विचारलं, "मिस्त्री, खरंच घेतली हुती का वो?" मिस्त्रींच्या तोंडात पत्ती होती. कार्यक्रम संपल्यावर पत्ती कशाला भिजवायची? त्यांनी ती काढली नाही, भुवई हलवली नाही. माझ्याकडे बघत राहिले. मी बाहेर बघितलं. बाहेर ऊस होता, आमच्याकडे दुसरं काय असतं.

सिस्टर माझ्या शेजारीच उभी होती स्टेजवर, तिनं ऐकलं होतं. उतरताना म्हणाली, "सर, तुम्ही मुलांना काय शिकवता हो?" त्यानंतर ती आमच्यात गायला आली नाही. आम्ही मिस्त्रींना 'थोडे दिवस राहू द्या' असा निरोप पाठवला. निरोप मीच पाठवला. 'आम्ही' म्हणायची ही सवय सुटत नाही.

पुढच्या लग्नात अण्णांचीच गाठ पडली. मला बाजूला घेऊन विचारलं, "तो क्लॅरिनेटवाला दिसत नाही? छान वाजवत होता की." मला हसावं की मिक्सर स्वतःच्या डोक्यात घालावा हे कळेना. मी म्हणालो, "बरं नाही त्यांना."

काही महिन्यांनी एका दुपारी भाभी, म्हणजे मिस्त्रींच्या घरच्या, बारामतीला माझ्या दारात उभ्या. एकट्या. थोरल्या मुलीला फलटणकडचं स्थळ आलं होतं आणि त्या लोकांच्या कानावर गेलं होतं की बाप पितो. भाभी खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाणी घेतलं नाही.

"सर, तुमी त्यांच्यासंगं असता. तुमीच सांगा, घेत्यात का वो ते?"

मी म्हणालो, "मी तरी कधी पाहिलं नाही, भाभी."

"बगितलं न्हाय म्हंजी?"

"म्हणजे... माझ्यासमोर तरी नाही."

अशी वाक्यं करायला माणूस बराच शिकलेला लागतो.  भाभी उठल्या, पदर सारखा केला आणि गेल्या. कळसहून भर उन्हात त्या आल्या कशा, कुणाबरोबर आल्या, हे विचारायचंही मला सुचलं नाही. ते स्थळ मोडलं. मुलीचं नंतर दुसरीकडे चांगलं झालं, पण तेवढ्यावर मी स्वतःला सोडावं असं नाही.

एकदा मात्र ठरवून त्यांच्या दुकानात गेलो. मिस्त्री वेटोळं भरत होते. क्लॅरिनेटची पेटी वर फळीवर, तिच्यावर जुन्या बेअरिंगांचा डबा. त्यांनी मला स्टूल दिलं. मी म्हणालो, "मिस्त्री, त्या कळंबच्या लग्नात काय झालं..." आणि थांबलो. त्यांनी तार खाली ठेवली. हात पुसले. पूर्ण माझ्याकडे वळून बसले.

"होऊ द्या की पुरं, सर."

मी म्हणालो, "काही नाही. सहज आठवलं. आमच्या विहिरीवरची मोटार जरा आवाज करतेय."

त्यांनी तार परत उचलली. मग म्हणाले, "पाठवून द्या. बघतो." मी पाठवली नाही, मोटारीला काही झालेलंच नव्हतं.

मिस्त्री या हिवाळ्यात गेले. भवानीनगरला चौकात श्रद्धांजलीची सभा झाली. फ्लेक्स लावला होता, त्यावर क्लॅरिनेट धरलेला त्यांचा फोटो. जिवंतपणी ज्यांनी त्यांना एका बारशाला बोलावलं नाही, ते पुढच्या रांगेत. एक वक्ता म्हणाला, "मिस्त्री म्हंजी रंगेल माणूस. घेतल्याबिगर सूर लागायचा न्हाय गड्याचा, पण लागला की काय लागायचा." लोक प्रेमानं हसले. या प्रेमाची मला किळस आली. भाभी मागं बायकांत बसल्या होत्या.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो. या वेळी वाक्य तयार होतं. म्हणालो, "आत्ता जे सांगितलं गेलं ते खोटं आहे. कळंबच्या लग्नात..."

सूत्रसंचालकानं माझ्या कोपराला हात लावला. "सर, एक मिनिट. अण्णांचे चिरंजीव आलेत. स्वागत करून घेऊ, मग तुम्ही बोला." आणि माइक माझ्या हातातून काढून घेतला.

माइकशिवाय बोलता आलं असतं. तिथं होती किती माणसं? मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला असता. डोळ्यांपुढं उदाहरण होतं, फ्लेक्सवर छापलेलं. मी बाजूला सरकून उभा राहिलो. हार झाले, चिरंजीवांचे दोन शब्द झाले, राष्ट्रगीत झालं. माझी पाळी कुणालाच आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी कळसला गेलो. भाभी दारात गहू निवडत बसल्या होत्या. बसायला सांगितलं तरी बसलो नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. त्यांनी मधे तोडलं नाही. सुपातले खडे एका बाजूला करत राहिल्या.

"मला ठावं हुतं की," म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याच्या तोंडाला वास येतोय का न्हाय, ते मला दुसऱ्याला इचारावं लागतंय व्हय?"

"मग त्या दुपारी विचारायला का आला होतात?"

"त्या फलटणवाल्यांनी तुमचं नाव घेतलं हुतं. सरच म्हणलं म्हणून. ह्यांचा इस्वास बसंना. मला म्हणलं, मांडवात माणूस घाबरून बोलून जातो, घरात एकट्याला इचारलं तर सर खरं सांगतील. तू जा, त्यांचं होऊ दे पुरं, मी थांबतो कोपऱ्यावर."

"मिस्त्री आले होते?"

"मंग मला कोण आणणार? तुमच्या गल्लीच्या तोंडाला लुना लावून उन्हात बसलं हुतं. पत्ती तोंडात. मी आले. मला कायबी इचारलं न्हाय, नुसतं माझ्या तोंडाकडं बघितलं." भाभींनी सूप खाली ठेवलं. "मग पत्ती काढली, शर्टाला पुसली आन डबीत ठेवून दिली."