जावयाने काढलेला डबा
पथारीवर वाळणाऱ्या मिरचीचा वास आला की ठसक्याआधी मला राग येतो. वडील नंदुरबारला मिरचीच्या व्यापाऱ्याकडे कामाला होते. जायला-यायला त्यांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल होती. तिखट धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून त्यांनी एअर फिल्टरच्या डब्याला आतून धोतराचं फडकं शिवलं होतं आणि दर रविवारी ते धुऊन बसवायचे. संक्रांतीला माझ्या बहिणीचा नवरा आला आणि कुणाला न विचारता त्याने तो डबा काढून भंगारात दिला. कार्ब्युरेटरवर चकचकीत, बिनडब्याचा उघडा पॉड फिल्टर बसवून म्हणाला, "आते देखा आबा, गाडी कशी श्वास लेस!" हवा वाढली की पेट्रोलही वाढवावं लागतं, त्यासाठी कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट बदलावा लागतो, एवढी अक्कल त्या शहाण्याला नव्हती. दुसऱ्याच दिवशी पिस्टन तापून जाम झाला, मागचं चाक जागीच थांबलं आणि वडील रस्त्यावर फरफटत गेले. मांडीचं हाड मोडलं. मी त्याची गचांडी धरायला निघालो, तर वडिलांनी खाटेवरूनच माझा हात पकडला. "जवाई शे तो. काही बोलानं नही." मी गप्प बसलो, गाडी विकावी लागली तेव्हाही, इतकी वर्षं बसलो. परवा तो पुन्हा आला. वडील काठी टेकत पाटावर येऊन बसले, तर हा म्हणतो, "आबा, गाडी का बरं इकी टाकी? भारी वाजे ती!" आई त्याच्या पोळीवर तूप वाढायला वाकली. मी तिच्या हातातली वाटी काढून घेतली.