खापराच्या आतला काळा थर

आमच्या घरात करपलेलं भांडं तसंच ठेवणं म्हणजे पाप. दूध लागलं की आई पातेलं भिजत टाकायची आणि बूड लख्ख होईपर्यंत मला मोरीतून उठू द्यायची नाही. त्या मेल्या सवयीचा मला अभिमान होता!

दोन हजार सालानंतरचा तो एक उन्हाळा. स्टुटगार्टजवळच्या शेतात रोमन काळातलं एक शेतघर सापडलं होतं आणि पुण्याहून पीएचडीला आलेली मी तिथे निघालेली खापरं धुवायला बसायचे. शेजारी एक जर्मन आजी. निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यापासून दर उन्हाळ्यात उत्खननावर फुकट राबायला यायची. "घरी बोलायला कोण आहे?" म्हणायची. तिचे हात थरथरायचे, पण तिच्या हातून एक खापर कधी फुटलं नाही.

नियम एकच, पण कडक: आतून काळं झालेलं खापर पाण्यात घालायचं नाही. तो थर म्हणजे त्या शेतघरात शेवटचं शिजलेलं अन्न. ते काय होतं, हे प्रयोगशाळेत त्यावरून कळतं. नियम मला पाठ होता हो, माझ्या हातांना कुठे पाठ होता? एका दुपारी गप्पांच्या नादात एका हंडीची सगळी खापरं मी ब्रशने खसाखसा घासली. राहिलेलं नखाने खरवडलं. वाळत घातली, आणि काय छान निघाली म्हणून वर खूशही झाले. मग लक्षात आलं, आतला काळा थर मी पार धुऊन टाकला होता.

संध्याकाळी साहेबांनी, म्हणजे उत्खननाच्या प्रमुखांनी, ट्रे पाहिला. "आल्झो," म्हणाले, म्हणजे 'असं आहे तर', आणि आजीच्या हातांकडे बघितलं. ओरडले नाहीत. उद्यापासून तुम्ही विश्रांती घ्या, एवढंच तिला म्हणाले. मी तिथेच उभी होते. माझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचं पत्र त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. खापरं मी घासली, एवढं सांगायचं मी टाळलं.  आजीने ॲप्रनची घडी केली, पिशवीत ठेवली आणि बस पकडायला गेली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यातून दमून आलेला. "अगं, आता सांगून तो थर परत चिकटणार आहे का? आधी सही होऊ दे." पटलं मला. सांगायला लाज वाटते, पण पटलं.

सही झाली. आजीची खुर्ची रिकामीच राहिली. मला अन्न गोड लागेना. शेवटी एका रविवारी धीर करून तिच्या घरी गेले; उत्खनन तर शुक्रवारीच आवरलं होतं. तिने कॉफी केली, प्लमचा केक कापला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं आणि रडले.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "शेजारीच बसले होते ना मी. तू किती जोरात घासतेस, ऐकू येतं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू बोलशील."

उद्याच साहेबांना सांगते, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. मग मी सवयीने उठले, कपबश्या गोळा केल्या आणि नळ सोडला. तिने येऊन माझ्या हातातला कप काढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "मी धुते."